मिस्त्रीकाकांना विचारा : लाल कॉर्व्हेट आणि पुसलेला नंबर

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. आमचं घर तंबाखूच्या व्यापारातलं. वडिलांकडं उघडी जीप होती, तिच्यात बसून तवंदी घाट उतरायचो, तेव्हापासून मला उघड्या गाडीचं वेड. मुलगा अमेरिकेत ओहायोत नोकरीला आहे. त्याच्या जवळपास एकाला १९६२ ची शेवरोले कॉर्व्हेट विकायची आहे. लाल रंग, टप दुमडणारा. मालक सांगतो की गाडी नट-बोल्टपासून उघडून नवी केलीय, आणि इंजिन कारखान्यातनं आलेलंच आहे, नंबर जुळतात. त्यापायी किंमत चढी लावलीय. मुलानं काढलेले अकरा फोटो पाठवतोय. घ्यावी का? आणि पुढंमागं इकडं आणून बेळगावच्या उद्यमबागेत तुमच्यासारख्यांच्या हातनं नीट करून घेता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : फोटो तीनदा बघितले. दोनदा मोबाईलवर, मग नातवाला बसवून त्याच्या कॉम्प्युटरवर मोठे करून. गाडी देखणी आहे. १९६२ हे त्या जुन्या ठेवणीच्या कॉर्व्हेटचं शेवटचं वर्ष. पुढच्या साली स्टिंग रे आली, अंगाची ठेवण बदलली, मागचा एकसंध ॲक्सल जाऊन चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आली. ६२ च्या गाडीत अंग जुनं, पण इंजिन नवं होतं : ३२७ घनइंचांचं व्ही-एट (व्ही आकारात मांडलेले आठ सिलिंडर), म्हणजे सुमारे ५.४ लिटर. २५० पासून ३६० हॉर्सपॉवरपर्यंत चार ताकदींत ते मिळायचं. त्या साली सेंट लुईसच्या कारखान्यातनं अशा १४,५३१ गाड्या निघाल्या. म्हणजे गाडी अगदी दुर्मीळ म्हणावी अशी नाही. एकीला जो भाव येतो तो दुसरीला का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतं : मूळचं किती शिल्लक आहे.

आता तुमचा सातवा फोटो उघडा. इंजिनच्या पुढच्या अंगाला, उजव्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या बुडाशी, ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या ओतीव धडाचा एक सपाट तुकडा पुढं आलेला दिसतो. जेमतेम बोटाएवढा. कारखान्यात त्यावर हातानं शिक्के मारायचे. आधी ‘एफ’, म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना. मग इंजिन जोडल्याचा महिना आणि तारीख, चार आकड्यांत. मग इंजिनची जात सांगणारी दोन अक्षरं. आणि शेजारी त्या गाडीच्या नंबरातले शेवटचे सहा आकडे. गाडीचा नंबर बॉनेटखाली स्टिअरिंगच्या नळीवरच्या पट्टीवर असतो, तो तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे. सहाच्या सहा आकडे जुळतात. मालक बोलतो ते इथवर खरं.

शिक्क्यावर एफ ०४०३ आहे. म्हणजे ३ एप्रिलला इंजिन जोडलं. हे लक्षात ठेवा आणि नववा फोटो बघा. मुलानं तो कसा काढला कोण जाणे, पण बरं झालं काढला. ब्लॉकच्या मागच्या कडेला, बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सकडच्या घंटेच्या आकाराच्या कवचाला) लागून, उठावाची अक्षरं आहेत : ई १८ २. ही शिक्क्याची नव्हेत. साच्यातच असतात, लोखंड ओतलं की ब्लॉकबरोबर उठतात. आपल्या बेळगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको. पहिलं अक्षर महिन्याचं : ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं पुढं. मग तारीख. मग सालाचा शेवटचा आकडा. ई म्हणजे मे. तो ब्लॉक १८ मे १९६२ ला ओतलाय.

मेमध्ये ओतलेला ब्लॉक एप्रिलमध्ये जोडला कसा?

अजून एक आहे. सातव्या फोटोत आकड्यांच्या मागच्या रेघा बघा, आकडे नको. कारखान्यात ब्लॉकचा वरचा फेस, म्हणजे हेड बसतं तो सपाट पृष्ठभाग, ब्रोचिंग मशीनवर घ्यायचे. ओळीनं दात असलेलं लांब हत्यार एका दिशेनं सरळ ढकललं जातं. त्यामुळं त्या पट्टीवर पुढून मागं जाणाऱ्या बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेघा राहतात. मूळच्या पट्टीवर त्या साठ वर्षांनीही दिसतात. तुमच्या पट्टीवर रेघा वळलेल्या आहेत, चंद्रकोरीसारख्या, एकात एक. तसली रेघ फिरता कटर पाडतो. मी चाळीस वर्षं रोज असल्याच रेघा पाडल्या, मला त्या झोपेतही ओळखू येतील.

तेव्हा माझं म्हणणं असं : हा ब्लॉक दुसऱ्या कुठल्या तरी गाडीतला आहे. कुणीतरी आणला, फेस घेतला, जुना शिक्का गेला, आणि वर या गाडीचा नंबर नव्यानं ठोकला. आजच्या मालकानंच केलं असं मी म्हणत नाही. साठ वर्षांत ती किती हातांतनं गेली असेल, त्यालाही कुणी तसंच सांगून विकली असेल. मुलानं भांडायला जाऊ नये. दोन्ही फोटो समोर ठेवावेत आणि तारखा तेवढ्या वाचून दाखवाव्यात.

हा शिक्का पुसला जाणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे, कारण मी स्वतः एक पुसलाय. १९८७ चा पावसाळा. शहरातल्या एका व्यापाऱ्यांची इंपाला होती, तीही शेवरोलेच, व्ही-एट. हेड गॅस्केट सारखी जायची. टेम्पोतनं ब्लॉक आमच्याकडं आला, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं आमचं शेड. मी तो सरफेस ग्राइंडरवर चढवला आणि पंधरा थाऊ काढले (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). फेस आरशासारखा निघाला, मी खूश. पुढच्या पट्टीवर नंबर होता, तो मला दिसला होता. कसला तरी ठोकलेला नंबर, एवढंच वाटलं. त्या पंधरा थाऊत तो गेला. दोन वर्षांनी कोल्हापूरचं गिऱ्हाईक आलं, सौदा ठरला, आर.सी. बुकातला इंजिन नंबर जुळवायला बॉनेट उघडलं, तर पट्टी कोरी. सौदा मोडला. व्यापारी नंतर आमच्या शेडात आले. एक शब्द बोलले नाहीत. मला गाडीपाशी नेलं, त्या कोऱ्या पट्टीवरनं बोट फिरवलं आणि गाडीत बसून गेले. ते बोट मला अजून दिसतं.

तेव्हापासून नियम केला. कुठलाही ब्लॉक आला, ट्रॅक्टरचा असो की टेम्पोचा, आधी नंबराची पेन्सिल प्रिंट घ्यायची आणि गिऱ्हाइकाच्या नावापुढं वहीत चिकटवायची. फेस घ्यायचाच झाला तर ती पट्टी सोडून घ्यायची. वेळ दुप्पट जातो, जाऊ दे. आणि ‘मिस्त्री, नंबर परत ठोकून द्या’ म्हणत येणारे येतात, त्यांना दारातनंच परत पाठवतो. तो गुन्हा आहेच, शिवाय पुढच्या घेणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ आहे.

इंजिनवर एवढं बोललो, पण पैसे बुडतात ते बहुतेक वेळा इंजिनमुळं नव्हे. कॉर्व्हेटचं अंग फायबरग्लासचं. ते गंजत नाही, आणि तिथंच माणूस फसतो. वरनं गाडी लोण्यासारखी, आणि खाली चासी पोलादाची. ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. कोकणातली खारी हवा पत्रा कसा खाते ते आपण बघतोच, इथं तर मीठच खालनं उडतं. मुलाला सांगा, मालकाची परवानगी घेऊन जमिनीवर पुठ्ठा टाकायचा, टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन गाडीखाली जायचं. मागच्या ॲक्सलवरनं चासी जिथं कमान घेऊन वर चढते तिथं पाणी आणि माती साठते. तिथं हलक्या हातानं ठोकत जायचं. ‘टण्ण’ आवाज आला तर पोलाद जिवंत आहे. ‘थप्प’ आला, किंवा हातोडीखाली पापुद्रे निघाले, तर गाडी कितीही लाल असो, परत फिरायचं. काळा जाड रंग ताजा थापलेला दिसला तर तिथंच जास्त ठोकायचं. अकरा फोटोंत चासीचा एकही नाही. विकणाऱ्याला दाखवायचं नव्हतं की मुलाला सुचलं नाही, ते मुलालाच विचारा.

फायबरग्लास तपासायचं आतल्या बाजूनं. चाकांच्या कमानीत, बॉनेटखाली, डिकीत हात घालून पॅनेलच्या पाठीवरनं फिरवा. त्या काळी पॅनेल साच्याच्या दोन भागांत दाबून काढायचे, त्यामुळं आतली बाजूही बऱ्यापैकी सफाईदार असते. मध्येच खरबरीत, कापडाच्या विणीसारखं लागलं तर तिथं कधीतरी ठोकर बसलीय आणि हातानं काचेच्या धाग्यांची मॅट लावून वर लांबी (पुट्टी) भरलीय. एखाद-दुसरं ठिगळ असलं तर काही हरकत नाही, फक्त ते माहीत असावं.

इकडं आणायचं म्हणता. मन तुटतं लिहिताना, पण माझा सल्ला नको असाच आहे. डावीकडं स्टिअरिंग असलेली गाडी, आयातीचे नियम, कस्टम ड्यूटी, बोटीचं भाडं. हा हिशेब कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाकडनं लेखी घेतल्याशिवाय एक डॉलरही पुढं करू नका. शिवाय आता आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ६२ सालचे रबरी पाइप आणि इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा त्यासाठी केलेलेच नाहीत, ते फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकतं. आणि ब्रेक. चारही चाकांना ड्रम. कॉर्व्हेटला डिस्क आल्या १९६५ ला. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकेरी, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तुमच्या मनात तवंदी घाट आहे, चोर्ला घाटही असेल. तापलेल्या ड्रमवर साडेपाच लिटरची गाडी घाटात उतरवायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

उद्यमबागेत होईल का, याचं उत्तर मात्र होय असं आहे. बुश, व्हॉल्व्ह गाइड, पिन, जे बाजारात मिळत नाही ते आमची पोरं लेथवर काढून देतात, मापात एक थाऊ चुकत नाहीत. अडचण वेगळीच आहे. आम्हाला जुनं बघवत नाही. हात शिवशिवतात. जुना कार्ब्युरेटर दिसला की नवा बसवतो, घासलेला बोल्ट दिसला की क्रोम करून आणतो, आणि गिऱ्हाईकही त्यावरच खूश होतं. अशा गाडीला नेमकं हेच नको असतं. अमेरिकेत केंटकीतल्या बोलिंग ग्रीन गावी कॉर्व्हेटचं संग्रहालय आहे. १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे तिथली जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. नंतर त्यातल्या तीन नीट केल्या, त्यात एक काळी १९६२ चीच. उरलेल्या पाच चेपलेल्या, चुरगळलेल्या तशाच ठेवल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलं नव्हतं. आज वाटतं, त्यांनी बरोबर केलं. त्या गाड्यांत नीट करण्यासारखं जे उरलं नव्हतं, ते नवं घालून ‘मूळचं’ म्हणायचं त्यांनी टाळलं.

तर तुमच्यापुरतं : मूळ इंजिनचा भाव देऊ नका. चासी ठणठणीत निघाली तर चालवायची गाडी म्हणून, तेवढ्याच किमतीत, मुलानं घ्यावी आणि तिकडंच ठेवावी. मे-जूनमध्ये तुम्ही जा, टप खाली करा, शेजारी बसा. चासीचे फोटो आले की मला पाठवा, बघून लगेच कळवतो. तोवर बयाणा देऊ नका.

प्रश्न : आजोबांची १९५० च्या दशकातली प्लिमथ आहे, कापडी हूडची. हूड फाटलंय. गावातला कुशनवाला रेग्झिनचं नवं करून देतो म्हणतो. करावं का? गाडीचे कागद जुने आहेत, ते चालतील का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : कुशनवाल्याला नाही म्हणू नका, पण रेग्झिनला म्हणा. सीटचं रेग्झिन उन्हात आकसतं आणि घडीवर चिरतं. हूड दिवसातनं चारदा दुमडलं जातं, वरनं ऊन-पाऊस दोन्ही. त्यासाठी हूडचंच कापड येतं, ते मुंबई-पुण्याकडनं मागवा. शिलाईला सुती दोरा नको, पॉलिएस्टरचा जाड दोरा पाहिजे. सुती दोरा एका पावसाळ्यात कुजतो.

आणि फाटकं हूड फेकू नका! तेच तुमचा पॅटर्न. कुशनवाल्याला सांगा, एकेक शिवण उसवायची, प्रत्येक तुकड्यावर खडूनं डावा-उजवा लिहायचं आणि त्यावरनं नवं कापायचं. अंदाजानं कापलं की काचेपाशी दोन बोटं कमी पडतं, मग माणूस ताणून बसवतो आणि कमानी वाकतात. त्याआधी कापडाखालच्या आडव्या कमानी आणि त्यांना धरणारे पट्टे बघा. पट्टे सैल असतील तर नवं हूड पहिल्याच वाऱ्याला फुग्यासारखं वर येतं. काम झाल्यावर जून ते सप्टेंबर हूड वर उभंच ठेवायचं, आणि ओलं असताना कधीही दुमडायचं नाही. घडीत बुरशी धरली की तो काळा डाग जात नाही.

कागदांचं. २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. म्हणून डिझेल इंजिन बसवायचा विचार कुणी डोक्यात घालत असेल तर तो काढून टाका. नव्या नोंदणीची फी वीस हजार, ती दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरणाला पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही ए’ येतं. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा आणि जुनं आर.सी. बुक लागतं. ते बुक कितीही जीर्ण असलं तरी लॅमिनेट करू नका, तसंच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ही गाडी मग प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोज बाजाराला नेता येणार नाही, हे घरच्यांना आधी सांगा.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिली कॉर्व्हेट पत्र्याची न करता फायबरग्लासची का केली? पोलाद महाग होतं का? (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : पोलाद नव्हे बाळा, वेळ आणि डाय महाग होते. जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती नुसती दाखवायला ठेवली होती. लोकांनी उचलून धरली, आणि ३० जूनला फ्लिंटमध्ये गाड्या बाहेर पडायला लागल्यासुद्धा. एवढ्या काळात पत्रा दाबायचे मोठे डाय तयार होणं अवघड, आणि थोड्याशा गाड्यांसाठी तो खर्च अंगावर पडला असता. त्या साली ३०० च गाड्या झाल्या, बहुतेक काम हातानं. सगळ्या पांढऱ्या, आत लाल. सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन, दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दाराला बाहेरनं हँडल नव्हतं आणि वर-खाली होणारी काचही नव्हती. १९५५ ला फोर्डनं पत्र्याची थंडरबर्ड आणली, तिच्या १६,१५५ झाल्या, तर कॉर्व्हेटच्या त्या साली अवघ्या ७००. व्ही-एट इंजिन आलं आणि झोरा आर्कस-डंटोव्ह नावाच्या इंजिनिअरनं जीव ओतला, म्हणून ती गाडी जगली.

तुझ्या अभ्यासाचं एक सांगतो. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थची वायर असते, दिव्याला एकच वायर नेली की झालं. फायबरग्लासमधनं करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर ओढावी लागते. जुन्या कॉर्व्हेटचे निम्मे विजेचे बिघाड तिथंच सापडतात. इग्निशनची खरखर पत्र्याचं बॉनेट अडवतं, फायबरग्लास अडवत नाही, त्यामुळं रेडिओ असलेल्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरवर आणि प्लगच्या वायरींवर धातूचं झाकण द्यावं लागलं. आणि याच गुणाचा त्यांनी उपयोगही करून घेतला : पहिल्या तीन वर्षांच्या गाड्यांत रेडिओची एरियल डिकीच्या झाकणातच जाळी घालून दडवलेली होती. पत्र्यात दडवली असती तर एक स्टेशन लागलं नसतं.

आमच्या शेडात फायबरग्लासचं एक तुटकं पंख्याचं कव्हर पडलंय, त्याच्या काठाला काचेची मॅट उघडी पडलेली दिसते. दुपारी चारनंतर केव्हाही ये. येताना मल्टिमीटर घेऊन ये, आमचा बिघडलाय.